चतुर्दशीचं पान

सप्टेंबरचा तिसरा शनिवार आणि भाद्रपदातली वद्य चतुर्दशी त्या वर्षी एकाच दिवशी आली, आणि रंगूबाईला वाटलं, देवानेच वेळ काढून हा दिवस जुळवून दिलाय. देवाला कोर्टाचा शनिवार कसा कळणार, हा प्रश्न तिला पडला नाही. पडायचं कारणही नव्हतं. अपघातात गेलेल्याचं पान चतुर्दशीला घालतात, आणि तिचा सूरज शीळफाट्याला डंपरखाली गेला होता. तिसऱ्या शनिवारी ठाण्याच्या कोर्टात नात भेटते, आणि ती नात सूरजची. मग यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. चूक अशीच होते, सगळं बरोबर दिसत असताना.

कोपरच्या पलीकडे खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. आता त्याला गाव म्हणायला जीभ अडखळते. तिन्ही बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मधल्या खोलगट जागेत रंगूबाईच्या नवऱ्याचं, काळुरामचं, एक भाताचं खाचर उरलंय. घराच्या कौलांवर आधीची दोन वर्षं काळुराम पान ठेवत होता आणि दोन्ही वर्षं कावळा फिरकला नव्हता. पहिल्या वर्षी शेजारची बायजा म्हणाली, "टावर झालं ना गं, कावले पन तिकरंच ऱ्हायला गेले." दुसऱ्या वर्षी तीच बायजा अंगणात उभी राहून वर बघत बोलली, "रंगू, पोरीचा हात लागला नाय पानाला. पोटचं लेकरू दूर आन् बाप जेवंल कसा?"

बायजाचं बोलणं म्हणजे सुटलेला बैल, कुठे शिरेल सांगता येत नाही. पण हे शिरलं ते थेट रंगूबाईच्या काळजात. माझा पोर उपाशी आहे. ऊठबस तेच. भात वाढताना तेच, निंदणी करताना तेच.

सूरज गेला तेव्हा रसिका तीन वर्षांची होती. चौदाव्याचं उरकलं आणि सून दर्शना पोरीला घेऊन वागळे इस्टेटच्या चाळीत आईकडे गेली, ती गेलीच. तिथेच एका पॅकिंगच्या कंपनीत लागली. ही दोघं नातीला बघायला गेली तर दार उघडेना. मग रीतीप्रमाणे गावातली चार माणसं घेऊन गेली, तर चाराची चौदा झाली, चाळीत आरडाओरडा झाला आणि पोलीस आले. त्यानंतर उरलं कोर्ट. गावात बायका तोंडावर म्हणाल्या, "नातू असता तं गोष्ट वेगली. नातीसाठी कोन कोर्टात जातं?"

"मी जातंय," रंगूबाई म्हणाली होती.

प्रीती नावाची वकील मिळाली, तरुण, चष्मेवाली, बोलायला गोड पण कामात चोख. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, आजी-आजोबांना नातवंडाला भेटायचं कोर्ट देतं, नाही असं नाही. पण कोर्ट आधी पोरीचं भलं बघतं. तुमचं दुःख त्याच्या मागे." रंगूबाईने मान हलवली. मिळालं तेही तसंच मिळालं. पहिला आणि तिसरा शनिवार, दोन तास, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत.

तर त्या चतुर्दशीला रंगूबाई पहाटे उठली. वडे तळले, घावन घातले, भोपळ्याची भाजी, खीर, सूरजला आवडायचं म्हणून सुकटीचं वेगळं कालवण. सोवळं-ओवळं बघणारी ती नव्हे. पोर काय खायचा ते तिला ठाऊक.

"डबा घेऊन कुठं चाललीस?" काळुराम ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत होता. त्याचा उजवा गुडघा पावसात फुगायचा.

"पोरीचा हात लावून आनतंय. तुमी पान धुवून ठेवा. मी आलं का लगेच वर ठेवा."

"कोर्टात चालंल क?"

"कोर्टाला काय करायचंय? डबा माझा, नात माझी."

काळुराम परत गुडघा चोळायला लागला. बायकोशी वाद घालून आजवर त्याचं भलं झालेलं नव्हतं.

ती एकटीच गेली, बसने. डबा मांडीवर धरून, हलू न देता.

मुलांच्या खोलीत रबराच्या रंगीत लाद्या, एक घसरगुंडी, भिंतीला हत्ती-जिराफ काढलेले. कोपऱ्यातल्या टेबलाशी समुपदेशक शीला मॅडम बसायच्या. त्या दिवशी दुसऱ्या एका नवरा-बायकोचं मुलावरून तिथेच भांडण जुंपलं होतं, त्यामुळे मॅडम त्यांच्यात अडकलेल्या. दर्शनाने पोरीला आत सोडलं, सासूकडे न बघता "दोन तासांनी" म्हणाली आणि कंपनीचा फोन आला म्हणून व्हरांड्यात गेली.

रसिका आता पहिलीत होती. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. आजीला ती "आजी" म्हणायची, पण शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, जरा लांबून. रंगूबाईला ते दर वेळी टोचायचं.

"रसू, हे बग. हात लाव याला."

"खाऊ?"

"खायचं नाय हे. पाची बोटं लाव फक्त. तुझा खाऊ दुसरा आनलाय."

"मग हे कोणाचं आहे?"

"तुझ्या बापाचं."

पोरीचे डोळे मोठे झाले. "पप्पांना कुरियर करणार? दुबईला?"

रंगूबाई हसली. पोरं काय काय बोलतात! "दुबईला कशाला गं?"

"पप्पा तिकडे क्रेन चालवतात ना. खूप उंच. म्हणून फोनला रेंज नसते."

तेव्हा तरी थांबायला हवं होतं. पण रंगूबाईच्या डोक्यात एकच होतं, ऊन डोक्यावर यायच्या आत पान कौलांवर जायला हवं. तिला वाटलं कुणीतरी शाळेत पोरीला भलतंसलतं सांगितलंय, ते सरळ करावं.

"नाय गं बाय," तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "तुझा बाप देवाघरी गेलाय. तीन वर्सां झाली. आज त्याच्या जेवनाचा दिस. तू हात लावलास का तो जेवतो."

रसिकाने आजीकडे बघितलं, मग डब्याकडे. मग पाचही बोटं वड्यावर अलगद टेकवली. "देवाघर दुबईच्या पुढे आहे?"

"लय पुढं."

दोन तास संपायच्या आतच ती निघाली. पोरीचा मुका घेतला आणि बाहेर येऊन थेट रिक्षाच केली. काळुराम शिडी लावून तयारच होता. पान मांडलं, पाणी फिरवलं, तो खाली उतरतोय न उतरतोय तोच समोरच्या टॉवरच्या कठड्यावरून एक कावळा सरळ खाली आला आणि वडा उचलून गेला. मग दुसरा आला. मग चार. कालवणाला सुद्धा सोडलं नाही.

"जेवला!" रंगूबाई ओरडली. "अवं, जेवला माझा सुऱ्या!"

काळुराम शिडीची पायरी धरून लहान मुलासारखा रडला. ती मात्र रडली नाही. ती घरात जाऊन दोन ताटं वाढून जेवली, पोट भरून, पोरगा गेल्यापासून पहिल्यांदा.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दोघं ठाण्याला गेली. काळुरामने पोरीसाठी खाडीतल्या लव्हाळ्याची एक इवलीशी टोपली विणली होती. खोलीत बसली, वाट बघत राहिली, कुणी आलं नाही. शीला मॅडम म्हणाल्या, "तुमच्या वकिलांना भेटा." आवाजात काहीतरी होतं.

प्रीतीचं ऑफिस कोर्टाच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालून वळून. तिने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, पोरीला काय सांगितलंत तुम्ही?"

रंगूबाईने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला माहीत नव्हतं.

प्रीतीने कपाळाला हात लावला. "ती त्या दिवसापासून झोपेत ओरडत उठते. अंथरूण ओलं करते. शाळेत बाईंना म्हणाली, माझे पप्पा कावळ्यांनी खाल्ले."

"अगं बाय माझे!" रंगूबाईच्या तोंडून निघालं. "मी असं कवा बोल्लं?"

"नाही बोललात. पण पोरांच्या डोक्यात काय जुळतं ते आपल्याला कुठे कळतं? पप्पा दुबईला आहेत असं दर्शनानेच तिला सांगितलं होतं. आता तिने अर्ज दिलाय. भेटी बंद करा म्हणून. डॉक्टरचा कागद जोडलाय."

"पन मी खोटं काय सांगितलं? आँ? माझा पोर मेला हे खोटं हाय?" रंगूबाईचा आवाज चढला. "तिनं पोरीला बनवलं तीन वर्सां, आन् शिक्षा मिलते मना?"

"मावशी, खरं-खोटं कोर्ट विचारणारच नाही. कोर्ट विचारेल, हे सांगायचं कुणी होतं. आणि त्याचं उत्तर 'आईने' असंच येणार."

काळुराम खाली बघून टोपलीची काडी मोडत होता. "चुकलं आमचं," तो म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा," रंगूबाई म्हणाली. पण आवाजातला जोर गेला होता. कावळ्यांनी खाल्ले. ते शब्द तिच्या अंगावर गांधीलमाशीसारखे बसले होते, झटकले तरी परत येऊन बसत.

तारीख दिवाळीच्या आधी लागली. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर दोन्ही पक्ष समोरासमोर. दर्शना कंपनीतूनच आली होती, ओळखपत्र गळ्यात, बोटांना चिकटपट्टीचे काळे डाग. वाळली होती पोरगी. रंगूबाईच्या मनात आलं, ही जेवते की नाही? आणि लगेच स्वतःचाच राग आला.

"दर्शना," ती उठून पुढे गेली. वकील नको नको म्हणत असताना गेली. "तू मना का नाय सांगितलंस? दुबईचं? मना ठाऊक असतं तं मी बोल्लं असतं क?"

"तुम्हाला काय सांगायचं, आई?" दर्शना म्हणाली. "तुम्ही कधी ऐकलेलंत माझं? दहाव्याला तुमच्या गावच्या बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या. मी नको नको म्हणत होते. रसू दारात उभी होती. माझा हात कोणी धरलेला, आठवतं?"

रंगूबाईला आठवलं. न आठवायला काय झालं? तिनेच धरला होता. मनगट बारीक होतं, आणि दगडावर दाबून धरायला फार जोर लागला नव्हता.

"रीत हाय ती," ती पुटपुटली.

"हो ना. ते सगळं बघून रसूने विचारलं, पप्पा कुठे गेले. मी तिला काय सांगणार होते? दुबई म्हटलं. मला वाटलं, आठवडाभर. मग सांगेन. मग जमलंच नाही." तिने ओढणीने नाक पुसलं. "रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि तुम्ही एका डब्यात भरून सांगून टाकलंत."

तेवढ्यात पुकारा झाला.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी दोन्ही वकिलांचं ऐकलं आणि मग चष्मा काढून सरळ रंगूबाईला विचारलं, "तुम्हाला नातीला भेटायचंय?"

"हां, साहेब."

"मग एक लिहून द्यायचं. मुलीची आई समुपदेशकाच्या मदतीने तिला योग्य वेळी सांगेल. तोपर्यंत वडिलांविषयी तुम्ही आईच्या सांगण्याबाहेर एक शब्द बोलायचा नाही. मुलीने विचारलं तर आई जे सांगते तेच सांगायचं. एक भेट बघू. पुन्हा काही झालं तर भेटी बंद."

प्रीतीने टेबलावर कागद सरकवला. रंगूबाईला सही येत होती, चौथीपर्यंत शिकली होती ती. पण हात उठेना.

"म्हंजी मी बोलायचं का माझा पोर जित्ता हाय?" तिने हळूच विचारलं.

प्रीतीने पेन पुढे केलं. काळुराम मागून म्हणाला, "कर सही. रंगे, कर."

तिने केली. रंगूबाई काळुराम एवढंच लिहायला तिला चुलीवर खीर आटण्याइतका वेळ लागला.

त्या वर्षी पाऊस गेला गेला म्हणताना परत फिरला. दिवाळी उरकली, भात पिवळं धमक झालं, कापलं, पेंढ्या खाचरात पसरल्या आणि वरून धो धो सुरू. असला पाऊस म्हणजे जेवायला बसल्यावर ताट ओढून नेणारा. तीन माणसं लागली होती कापायला, रंगूबाई, काळुराम आणि बायजा. आता तिघंही गुडघाभर चिखलात ओल्या पेंढ्या उचलून बांधावर टाकत होती. लोंब्यांना मोड फुटायला लागले होते. पांढरे, बारीक, किड्यासारखे.

रंगूबाईची कंबर धरली होती. हाताला विळ्याचा घट्टा फुटून आत चिखल गेला होता आणि तिथे ठणकत होतं. तरी ती थांबत नव्हती. थांबलं की डोकं चालायला लागायचं.

"परवा शनवार," बायजा म्हणाली. "जातंस क?"

"जातंय."

"आन् पोरीनं इचारलं तं?"

रंगूबाईने पेंढी आपटली. पाणी उडालं.

"मी असते तं नसती सही केली," बायजाने चालू ठेवलं. "मेल्या पोराला जित्ता बोलायचं म्हंजी त्याचं पान पन इटाललं. तो परत उपाशी."

"बायजे, तुझं तोंड हाय क गटार?" काळुराम एकदम बोलला. त्याचा आवाज इतका क्वचित चढायचा की दोघी थबकल्या. "सुऱ्याच्या पानात तुझा एक वडा तरी होता क? जा घरी तू, चा घे जाऊन."

बायजा फणकारत गेली. दोघं उरली. पाऊस थोडा ओसरला होता, टॉवरच्या खिडक्यांत लोकांनी कपडे वाळत टाकले होते. काळुराम दुखरा पाय लांब करून बांधावर बसला.

"बोलून बग," तो म्हणाला.

"काय?"

"'सुऱ्या दुबईला हाय.' बोल. सवय कर. तिथं जाऊन अरकशील, तोंडातून शब्द निघायचा नाय."

"माझी जीभ झरंल."

"मी बोलतंय बग." त्याने घसा साफ केला आणि समोरच्या ओल्या भाताकडे बघत म्हणाला, "सुऱ्या दुबईला हाय. क्रेन चालवतो. लय उंच." मग पायावरचा चिखल पुसत म्हणाला, "जीभ नाय झरली. उलटं, बोलताना दोन घटका बरं वाटलं गं. खरंच असल्यावानी."

रंगूबाईला त्याचा राग आला. इतका की हातातली पेंढी तिने त्याच्या अंगावर फेकली. मग त्याच्याशेजारी चिखलात बसली आणि रडली. कावळा जेवला त्या दिवशी जे रडणं राहिलं होतं ते, आणि बांगड्यांचं, आणि सगळंच. काळुरामने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. नुसता बसून राहिला, तिचं होईपर्यंत. मग दोघं उठून पुन्हा पेंढ्या उचलायला लागली, कारण अंधारून येत होतं आणि अर्धं खाचर बाकी होतं.

दर्शनाचं दुबई तिला तेव्हा पहिल्यांदा जरा कळलं. आठवडाभर म्हणून सांगितलेलं पुढे तीन वर्षं का चालतं, ते.

शनिवारी खोलीत गर्दी नव्हती. शीला मॅडम टेबल सोडून जवळच खुर्ची घेऊन बसल्या. दर्शना या वेळी बाहेर गेली नाही; दाराजवळच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसली, नजर सासूवर. काळुराम भिंतीला टेकून, पाय पसरून. रसिका घसरगुंडीच्या पायरीवर बसली होती आणि जवळ येत नव्हती. तिचं तोंड बारीक झालं होतं.

रंगूबाईने हाक मारली नाही. लाद्यांवर बसकण मारली, पिशवीतून डब्यात आणलेले पोहे काढले, नव्या भाताचे, ओल्या दाण्यातूनही निवडून निवडून कांडलेले, गूळ घातलेले. पोर हळूहळू पायरी उतरली. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला.

"आजी."

"काय गं?"

"मम्मी म्हणते पप्पा दुबईला आहेत. तू म्हणाली, देवाघरी." पोरीने घास गिळला. "खोटं कोण बोललं?"

शीला मॅडमचं पेन थांबलं. काळुरामने डोळे मिटून घेतले.

बांधावर दोन दिवस रंगूबाईने शब्द पाठ केले होते. सुऱ्या दुबईला हाय. पण पोरीने तसं विचारलंच नाही. तिने विचारलं, खोटं कोण. एकाला तरी खोटं ठरवायचंच होतं. आणि समोर दाराशी बसलेली ती वाळकी बाई, या पोरीला दुसरं कोण होतं? सकाळी वेण्या घालणारी तीच, झोपेत ओरडली तर कुशीत घेणारी तीच. तिच्यावरचा पोरीचा भरवसा गेला तर उरलं काय?

"मी," रंगूबाई म्हणाली. "मी खोटं बोल्लं."

"का?"

"आजी म्हातारी झाली ना रसू. डोकं ठिकानावर नसतं. काहीबाही बोलतंय. मम्मी बोलते तेच खरं."

"मग ते कावळे?"

"कावल्यांनी वडे खाल्ले बाय. निसते वडे. तुझ्या बापाला कोन काय नाय केलं."

पोरीच्या तोंडावर जरा उजेड आला. ती पुढे सरकली आणि या शनिवारी पहिल्यांदा आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हणजे पप्पा येणार?"

रंगूबाईला एवढा एकच शब्द बोलायचा होता. बाळंत होताना इतकं दुखलं नव्हतं. तिने दर्शनाकडे बघितलं नाही, काळुरामकडे बघितलं नाही.

"येल," ती म्हणाली. "येल ना."

आणि डोळ्यांतलं पाणी पोरीला दिसू नये म्हणून तिने तोंड पिशवीत घातलं, उगाच काही शोधल्यासारखं. पण खांदे हलत होते ते कसे लपणार?

"आई, बास."

दर्शना उठली होती. पर्स खाली पडली ती तिने उचलली नाही. येऊन ती सासूच्या समोर त्याच रबरी लाद्यांवर बसली. शीला मॅडम "दर्शना, आज नको, तयारी करून" असं काही म्हणायला गेल्या, पण तिने हात वर केला.

"रसू, इकडे बघ. आजी खोटं नाही बोलली. आत्ता बोलली, ते माझ्यासाठी. आधी खोटं मी बोललेले."

पोर एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

"पप्पांना गाडीने धडक दिली. तू छोटी होतीस. पप्पा मेले, बाळा. मला सांगता नाही आलं. मलाच खरं वाटत नव्हतं."

"नाही येणार?"

"नाही येणार."

रसिका रडली नाही लगेच. तिने हातातले पोहे नीट परत डब्यात ठेवले. मग आईच्या मांडीत शिरली आणि मोठ्याने रडायला लागली, इतक्या मोठ्याने की बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. दर्शनाही रडत होती. रंगूबाई हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. आपण शिवावं की नाही, ते तिला कळेना. शेवटी दर्शनानेच तिचं मनगट धरलं आणि तो हात पोरीच्या पाठीवर नेऊन ठेवला.

काळुरामने भिंतीकडे तोंड केलं.

रडणं ओसरायला पुष्कळ वेळ गेला. मग हुंदके राहिले, मग नाक ओढणं. शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत परत आला. "मॅडम, वेळ झाली. खोली बंद करायचीय."

शीला मॅडमनी घड्याळाकडे आणि मग दर्शनाकडे बघितलं. "ऑर्डर दोन तासांची आहे."

"माहितीये," दर्शना म्हणाली. "दोनच तास द्या म्हणून मीच भांडलेले. आता मीच म्हणते, बसू दे त्यांना. इथे नाही तर बाहेर बाकावर बसू."

शिपायाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. तो कुरकुरत दाराच्या चौकटीला टेकला.

रसिकाने आईच्या मांडीतून डोकं बाहेर काढलं. नाक लाल, वेणी सुटलेली. तिने आजीकडे बघितलं.

"पप्पा कसे होते?"

रंगूबाईने सुनेकडे बघितलं, विचारावं तसं. सही केलेली होती ना तिने.

"सांगा, आई," दर्शना म्हणाली.

तीन वर्षं ज्याचं नाव घ्यायला कुणी समोर बसलं नव्हतं, त्याच्याबद्दल सुरुवात कुठून करायची? रंगूबाईने पदराने तोंड पुसलं, पोरीची सुटलेली वेणी हातात घेतली आणि गुंफायला लागली.

"तुझा बाप ना, लय रडका होता," ती म्हणाली.